विकत घेतलेलं, काढून घेतलेलं

२०१० सालच्या मार्चअखेर सोनीनं जाहीर केलं की १ एप्रिलला प्लेस्टेशन ३ साठी ३.२१ क्रमांकाचं अपडेट येईल. अपडेटमध्ये सहसा काहीतरी नवं मिळतं. या अपडेटमध्ये हातातलं जाणार होतं. यंत्राच्या सेटिंगमध्ये ‘इन्स्टॉल अदर ओएस’ अशी एक ओळ होती. तिच्या मदतीनं या खेळाच्या यंत्रावर लिनक्स बसवता येई आणि मग त्याचा चक्क संगणक होई. ती ओळ कायमची काढली जाणार होती. कारण दिलं होतं सुरक्षेचं. तारीख १ एप्रिल असल्यानं काहींना ही थट्टाच वाटली.

सक्ती नव्हती. ज्याला नको त्यानं अपडेट टाकू नये, असं कंपनीनं स्वच्छ सांगितलं होतं. फक्त न टाकणाऱ्याला प्लेस्टेशन नेटवर्कवर प्रवेश मिळणार नव्हता, म्हणजे ऑनलाइन खेळणं बंद. शिवाय नव्या अपडेटची अट असलेले खेळ आणि ब्लू-रे चित्रपटही चालणार नव्हते. टाकलं तर लिनक्स गेलं, न टाकलं तर बाकीचं गेलं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधोमध उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचं की निवड तुमची आहे. या पुस्तकाचा विषय ही असली निवड.

ही सोय तशी कोपऱ्यातली. बहुतेक मालकांनी ती कधी उघडूनही पाहिली नसेल. पण ज्यांनी उघडली त्यांनी अनेकदा तिच्यासाठीच यंत्र घेतलं होतं. २००६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ते ४९९ आणि ५९९ डॉलरला आलं, तेव्हा आतली ‘सेल’ चिप तेवढ्या पैशांत दुसरीकडे मिळणं अवघड होतं. हार्ड डिस्क फॉरमॅट करताना यंत्र स्वतःच विचारायचं : १० जीबी दुसऱ्या ओएसला द्यायची की १० जीबी प्लेस्टेशनला? म्हणजे ही कुणी मागच्या दारानं केलेली खटपट नव्हती. कंपनीनं स्वतःच्या मेनूत मांडलेला पदार्थ होता. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ संकुलातले भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना यांनी अशी यंत्रं एकमेकांना जोडून कृष्णविवरांची गणितं केली, आणि त्यातली काही यंत्रं सोनीनंच दिली होती. अमेरिकी हवाई दलानं न्यूयॉर्क राज्यातल्या रोम या गावी १,७६० प्लेस्टेशनचा महासंगणक उभा केला. हवाई दलाला नेटवर्कवर खेळायचं नव्हतं, त्यामुळे अपडेटशी देणंघेणं नव्हतं. पण एखादं यंत्र बिघडून कंपनीकडे गेलं की परत येताना त्यात नवं सॉफ्टवेअर असणार, ही अडचण त्यांनाही चुकली नाही. आणि २००९ मध्ये सडपातळ नवं मॉडेल या सोयीविना आलं, तेव्हा आधी विकलेल्या यंत्रांवर ती चालू राहील असा दिलासा कंपनीकडून मिळाला होता. तो वर्षभरही टिकला नाही.

पुढचा भाग कोर्टकचेऱ्यांचा. इंग्लंडमधल्या एका गिऱ्हाइकानं सोनीचा नाद सोडला आणि जिथून यंत्र घेतलं त्या ॲमेझॉनला पत्र लिहिलं : विकताना जी वस्तू सांगितली ती आता तशी उरलेली नाही, आणि युरोपीय कायद्यानुसार ही जबाबदारी विक्रेत्याची आहे. ॲमेझॉननं ८४ पौंड परत केले. यंत्र त्याच्याकडेच राहिलं. अमेरिकेत अपडेट आलं त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात सामूहिक दावा दाखल झाला. २०११ च्या डिसेंबरात तो काढून टाकला गेला. २०१४ मध्ये अपील कोर्टानं त्याचा काही भाग पुन्हा उभा केला. २०१६ मध्ये तडजोड झाली, २०१७ मध्ये न्यायाधीशांनी ती नाकारली, आणि २०१८ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरची दुसरी तडजोड आली. माणशी जास्तीत जास्त ६५ डॉलर. तोवर प्लेस्टेशन ४ सुद्धा जुना होत आला होता.

इंग्लंडमधलं पत्र आणि अमेरिकेतला आठ वर्षांचा खटला शेजारी ठेवून पाहावेत. एकीकडे प्रश्न असा होता की वस्तू विकली तशी आहे का. दुसरीकडे प्रश्न असा की कंपनीनं नेमकं कशाचं वचन दिलं होतं, गिऱ्हाइकानं कोणत्या अटी मान्य केल्या होत्या, आणि अपडेट त्यानं स्वतःच्याच बोटानं टाकलं की नाही. गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडणार हे वकिलाच्या हुशारीपेक्षा या पहिल्या प्रश्नावर ठरतं, असं माझं मत आहे आणि या संग्रहातले बरेचसे लेख ते मत बळकट करतात.

सुरक्षेच्या कारणाबद्दलही दोन शब्द, कारण ते प्रत्येक प्रकरणात पुढे येतं. सोनीची भीती खोटी नव्हती. २०१० च्या जानेवारीत जॉर्ज हॉट्झ या तरुणानं याच लिनक्सच्या वाटेनं यंत्राच्या गाभ्यापर्यंत शिरकाव केल्याचं जाहीर केलं होतं. पण वाट बुजवल्यावर काय झालं? त्याच डिसेंबरात बर्लिनच्या हॅकर मेळाव्यात काही तंत्रज्ञांनी दाखवलं की सोनीच्या डिजिटल सहीत दर वेळी नवा असायला हवा तो आकडा कायम एकच वापरला जातो, आणि त्यावरून गुप्त किल्ली चक्क गणितानं काढता येते. लिनक्स काढून घेतलं म्हणून आम्ही यात हात घातला, हेही त्यांनी सांगून टाकलं. जोवर यंत्र उघडं होतं तोवर हुशार मंडळी त्यावर समाधानी होती. म्हणून सुरक्षेचं कारण नेहमी बहाणाच असतं असं नव्हे. २०१६ मध्ये सॅमसंगचे नोट ७ फोन पेट घेऊ लागले, तेव्हा ते दुरून निकामी केले गेले हे योग्यच झालं. मात्र तिथे पैसे परत देऊन फोन मागे घेतले जात होते. सुरक्षेपायी सोय काढावी लागली, तर त्याचा भुर्दंड कुणी सोसायचा, हा प्रश्न सुरक्षेनं मिटत नाही.

आता थोडं मागे जाऊ. आपल्या लहानपणी मिक्सर घरात आला की कारखानदाराशी संबंध उरायचा तो वॉरंटी कार्डापुरता. वस्तू गिऱ्हाइकाची झाली, तिचं पुढे काय करायचं हे त्यानं ठरवायचं. ही समजूत कायद्यातही रुजलेली आहे. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका कादंबरीचं प्रकरण आलं. प्रकाशकानं आत छापलं होतं की ही प्रत एका डॉलरहून कमी किमतीला विकू नये. न्यायालयानं सांगितलं, एकदा विकली की प्रकाशकाचा तिच्यावरचा ताबा संपला. १०९ वर्षांनी, २०१७ मध्ये, लेक्समार्क कंपनीच्या प्रिंटर काडतुसांबाबत त्याच न्यायालयानं पेटंटच्या संदर्भात तीच दिशा धरली. आपल्याकडे १९३० चा वस्तुविक्री कायदा आहे. विकत घेतलेली वस्तू निर्वेधपणे उपभोगता यावी ही हमी त्यात, करारात उलट काही ठरलं नसेल तर, गृहीतच धरलेली आहे.

बदललं ते असं की वस्तू विकल्यावरही कारखानदाराच्या हातात दोरी राहू लागली. जोनाथन झिट्रेन यांनी २००८ च्या पुस्तकात अशा दावणीला बांधलेल्या उपकरणांचा धोका सांगितला. पुढच्याच वर्षी ॲमेझॉननं विकलेल्या काही ई-पुस्तकांच्या प्रती लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसल्या. हक्कांचा घोळ होता आणि पैसे परत दिले गेले. पुसलेली पुस्तकं ऑर्वेलची होती, त्यात ‘१९८४’ सुद्धा. असा योगायोग कादंबरीत घातला तर संपादक खोडून टाकेल. एका विद्यार्थ्याची त्या पुस्तकावरची टिपणं त्यासोबत निरुपयोगी झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं.

त्यानंतरच्या पंधरा वर्षांत या कुळाच्या बऱ्याच शाखा फुटल्या आहेत. प्लेस्टेशनसारखी सोय उघडपणे काढून घेणं ही सर्वांत प्रामाणिक शाखा म्हणावी लागेल, कारण तिथे निदान सांगून केलं जातं. ॲपलनं २०१७ च्या सुरुवातीच्या एका अपडेटमध्ये जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग आवरता घेतला आणि ते स्पष्ट कबूल केलं वर्षअखेरीस. फोन अचानक बंद पडू नये हा हेतू समजण्यासारखा होता, पण कित्येकांनी बॅटरी बदलण्याऐवजी फोनच बदलला. फ्रान्सनं २०२० मध्ये अडीच कोटी युरोचा दंड केला, तोही वेग कमी केल्याबद्दल नाही, गिऱ्हाइकाला न सांगितल्याबद्दल. एचपीच्या काही प्रिंटरांनी १३ सप्टेंबर २०१६ ला दुसऱ्या कंपन्यांची शाईची काडतुसं एकाएकी नाकारायला सुरुवात केली. ही तारीख सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरून ठेवलेली होती. सदोष काडतूस म्हणून लोक दुकानदाराशी भांडत बसले. विंक नावाच्या कंपनीनं घरातले दिवे आणि कुलपं चालवणारी पेटी विकली आणि २०२० च्या मे महिन्यात आठवडाभराची मुदत देऊन महिन्याला ४.९९ डॉलरचं भाडं जाहीर केलं. आणि सर्व्हर बंद करून वस्तूच मारून टाकणं हा शेवटचा प्रकार : ३०० डॉलरची रिव्हॉल्व्ह पेटी २०१६ मध्ये अशी गेली, स्पॉटिफायचं गाडीत बसवायचं यंत्र २०२४ च्या डिसेंबरात गेलं. त्याच वर्षी युबिसॉफ्टनं ‘द क्रू’ या खेळाचा सर्व्हर बंद केला, तेव्हा चिडलेल्या खेळाडूंनी युरोपभर मोहीमच उघडली.

या सगळ्याकडे पाहणाऱ्यांचे पंथ वेगवेगळे आहेत आणि ते एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. कंपन्यांच्या वकिलांचा पंथ करारवाद्यांचा : सॉफ्टवेअर तुम्ही विकत घेतलंच नाही, वापरायचा परवाना घेतलात, आणि त्यात बदल करण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवला होता. या युक्तिवादाची घरगुती आवृत्ती बहुतेकांनी ऐकली असेल. आमच्या टीव्हीवर एका अपडेटनंतर होम स्क्रीनच्या अर्ध्या भागात जाहिराती आल्या आणि पेन ड्राइव्हवरचे जुने व्हिडिओ लागेनासे झाले. हेल्पलाइनवरच्या मुलीनं अतिशय गोड आवाजात विचारलं, “सर, अपडेट तुम्हीच ॲक्सेप्ट केलंत ना?” त्यावर काय बोलणार! रिमोट माझ्याच हातात होता.

दुसरा पंथ मालकीवाद्यांचा. ॲरन पर्झानोव्स्की आणि जेसन शुल्ट्झ यांनी २०१६ मध्ये ‘द एंड ऑफ ओनरशिप’ लिहून त्याला भक्कम पाया दिला. वस्तूतलं सॉफ्टवेअर वेगळं काढून त्याला परवान्याची टोपी घालणं ही मखलाशी आहे, असं ते दाखवतात. आपल्या वाचकांनी इथे दोन भारतीय निकाल लक्षात ठेवावेत. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं तयार सॉफ्टवेअरला ‘वस्तू’ मानलं. २०२१ च्या इंजिनीअरिंग ॲनालिसिसच्या निकालात त्याच न्यायालयानं परवान्याच्या नावाखाली होणारे असे व्यवहार मुळात विक्रीचेच असल्याचं धरलं. दोन्ही प्रकरणं करांची होती, ग्राहकांची नव्हेत. पण कर भरताना विक्री आणि तक्रार आली की परवाना, असं दोन्हीकडून बोलणं कंपन्यांना पुढेमागे जड जावं.

दुरुस्तीवाल्यांचा तिसरा पंथ सर्वांत गमतीचा आणि कामाचा. वस्तू उघडता येत नसेल तर ती आपली नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान, आणि त्यांचा भर पोथीपेक्षा स्क्रू ड्रायव्हरवर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे तत्त्वज्ञ दुकानादुकानांत बसलेले आहेत. अमेरिकेत त्यांची वाट १९९८ चा डीएमसीए कायदा अडवतो, कारण डिजिटल कुलूप तोडणं हाच तिथे अपराध ठरू शकतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं ६५अ कलम तुलनेनं सौम्य आहे. तिथे हक्कभंगाचा हेतू असावा लागतो.

मला स्वतःला जवळचा वाटतो तो चौथा पंथ, ज्याला तत्त्वाची फारशी हौस नाही. मालक कोण, परवाना कसला, हे वाद चालू द्यात. विकताना जे सांगितलं ते आज वस्तू करते का, एवढंच तो विचारतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या दोन निर्देशांत त्याचा ठसा दिसतो. डिजिटल सेवेत गिऱ्हाइकाच्या तोट्याचा बदल करायचा असेल तर करारात सबळ कारण हवं, आगाऊ सूचना हवी, आणि तोटा किरकोळ नसेल तर ३० दिवसांत करार मोडण्याची मुभा हवी. मेख अशी की हे कलम सेवांच्या निर्देशात आहे. वस्तूत बसवून विकलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या निर्देशात येतं, आणि तिथे अपडेट देत राहण्याचं बंधन असलं तरी नकोसं अपडेट लादण्याबद्दल असं थेट कलम नाही. ब्रिटननं २०२४ च्या एप्रिलपासून, सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळतील हे आधी सांगण्याची सक्ती केली. अमेरिकेत अशी सर्वसाधारण सक्ती नसल्यानं काय होतं ते तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या पाहणीत दिसलं. त्याच वर्षी त्यांनी १८४ स्मार्ट वस्तू तपासल्या, तर जवळजवळ ८९ टक्के वस्तूंच्या बाबतीत कंपनीच्या संकेतस्थळावर ही मुदत सापडलीच नाही.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्राला ग्राहक चळवळ नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्या पिढीचे शत्रू डोळ्यांना दिसणारे होते : भेसळ, साठेबाजी, काटा मारणं. आता काटा मारला जातो तो माल घरी येऊन दोन वर्षं झाल्यावर, आणि रात्री तीन वाजता, वायफायवरून. चळवळीच्या जुन्या सवयी इथे अपुऱ्या पडतात. कायदा मात्र वाटतो तितका तोकडा नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली ‘दोषा’ची व्याख्या पाहा. विक्रेत्यानं कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यापेक्षा वस्तू कमी भरली तर तो दोष. खोक्यावर छापलेली सोय म्हणजे असा दावाच. याच कायद्यानं अन्याय्य करार हा तक्रारीचा स्वतंत्र विषय केला. पण खोच अशी की ही तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. पंधरा हजारांच्या टीव्हीसाठी गडचिरोलीच्या माणसानं ते करावं, ही अपेक्षा विनोदी आहे. त्याहून दुर्लक्षित आहे ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३ वं कलम. संगणकाच्या मालकाच्या परवानगीशिवाय त्यातली माहिती बदलणं किंवा त्याची उपयुक्तता कमी करणं यावर तिथे भरपाई सांगितली आहे. हॅकरांसाठी लिहिलेलं हे कलम कंपनीला लावता येईल का, हे शेवटी त्या परवानगीवर अडतं, आणि पुन्हा आपण त्या ‘निवडी’पाशी येऊन पोचतो. ज्या होकाराशिवाय हातातली वस्तू अर्धी निकामी होते, त्याला होकार मानायचा का? विषम ताकदीच्या पक्षांमधल्या जुलमी अटी न्यायालय मोडू शकतं, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये ब्रजनाथ गांगुली यांच्या खटल्यात सांगितलं आहे. तो खटला नोकरीच्या कराराचा होता. त्याचं बोट धरून रिमोटच्या ‘ओके’पर्यंत पोचता येतं, असं या संग्रहातल्या एका लेखात मांडलं आहे. मला ते पटतं. सगळ्यांना पटेल असं नाही.

हे पुस्तक कंपन्यांविरुद्धची फिर्याद नाही. अपडेट थांबवलं तर तुमचा राउटर चोरांचं खेळणं होईल, आणि एखादा सर्व्हर अनंत काळ चालवत ठेवा असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. लेखकांमध्ये वकील आहेत, प्रोग्रॅमर आहेत, दुरुस्तीचं दुकान चालवणारे आहेत, आणि त्यांचं आपसांत जुळत नाही. दुकानवाल्यांना कायद्याच्या कलमांचा कंटाळा आहे, वकिलांना बूटलोडर म्हणजे काय हे समजावून घ्यायला वेळ लागला, आणि त्या झटापटीच्या खुणा लेखांत तशाच राहू दिल्या आहेत. मोटारी आणि ट्रॅक्टर या संग्रहात आलेले नाहीत. तो पसारा एवढा आहे की त्यावर स्वतंत्र पुस्तक व्हावं. वैद्यकीय उपकरणंही जाणीवपूर्वक वगळली, कारण तिथली जोखीम वेगळ्या जातीची आहे.

ज्यांना विषय समजून घ्यायचा आहे त्यांनी क्रमानं वाचावं. ज्यांची वस्तू गेल्या महिन्यातच अशी अर्धी झाली आहे त्यांनी सरळ शेवटच्या विभागाकडे जावं. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि ती खरेदीपासून न मोजता सोय गेली त्या दिवसापासून मोजावी, असा आग्रह तिथे धरलेला आहे. तो मान्य व्हायचा तर तारीख सिद्ध करता आली पाहिजे. म्हणून मूळ बिल, खोक्यावरच्या मजकुराचा फोटो, अपडेटसोबत आलेली सूचना आणि आधीच्या मेनूचं एखादं छायाचित्र, एवढं जवळ ठेवावं. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा आयोगात फी लागत नाही, तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, आणि १९१५ हा हेल्पलाइनचा क्रमांक मराठीतही बोलतो.